बारमाही टायर

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार लोखंडी धाव चढवीत असे. तापवून लाल केलेली धाव चाकावर बसवावयाची, वर पाणी ओतावयाचे, आणि ती आवळली गेली की पुढे कित्येक वर्षे तिची चिंता नाही. ऊन असो, पाऊस असो, माळ असो की चिखल असो, तीच धाव बाराही महिने चाले. बैलांच्या चालीला तेवढे पुरेसे होते. मोटारीच्या चाकाची गोष्ट मात्र निराळी आहे. तेथे वेग आला, आणि वेगाबरोबर ऋतूंचा हिशोबही आला.

हा हिशोब बंगळूरमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला विशेष करून मांडावा लागतो. तेथे नोकरी-व्यवसायानिमित्त स्थायिक झालेली कितीतरी मराठी कुटुंबे भाद्रपदात गणपतीसाठी स्वतःच्या मोटारीने गावी निघतात. पहाटे बंगळूर सोडावे, तुमकूर, चित्रदुर्ग, दावणगेरे हा उघडा, कोरडा मुलूख मागे टाकावा, हुबळी-धारवाडवरून बेळगाव गाठावे, आणि तेथून कोणी कोल्हापूर-साताऱ्याकडे, तर कोणी आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीकडे वळावे, असा हा प्रवास. बंगळूरला वर्षभरात साधारण ९७० मिलिमीटर पाऊस पडतो. आंबोलीला तो सात हजार मिलिमीटरच्या आसपास जातो. म्हणजे सकाळी ज्या चाकांवर आपण कोरड्या सडकेवरून भरधाव निघालो, त्याच चाकांवर संध्याकाळी धुक्यातून आणि वाहत्या पाण्यातून घाट उतरावयाचा असतो. मोटार वेगवान, खेळकर जातीची असेल, तर हा प्रश्न अधिकच बिकट होतो. अशा मोटारीला कोणते टायर घालावेत?

दुकानात गेल्यावर बहुधा तीन गोष्टींची चौकशी होते: माप कोणते, कंपनी कोणती आणि किंमत किती. या मोटारीने कोणत्या महिन्यात कोणत्या रस्त्यावर जावयाचे आहे, हा चौथा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वास्तविक तोच पहिला असावयास हवा.

तो पहिला का, हे समजण्यासाठी एक साधे गणित करून पाहू. बाराशे किलो वजनाची मोटार चार चाकांवर उभी आहे. प्रत्येक चाकावर सरासरी तीनशे किलो भार येतो. टायरमध्ये दर चौरस इंचास ३२ पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलो इतका हवेचा दाब आहे. हा भार पेलण्यासाठी टायरचा सुमारे १३० चौरस सेंटिमीटर भाग जमिनीला टेकला पाहिजे. ही जागा माणसाच्या पंजाएवढी झाली. लाखो रुपयांची मोटार, तिचे यंत्र, तिचे ब्रेक, आत बसलेली चार-पाच माणसे, या सर्वांचा पृथ्वीशी संबंध काय तो या चार पंजांपुरता. यंत्र कितीही शक्तिमान असले आणि ब्रेक कितीही उत्तम असले, तरी या पंजांची पकड असेल तेवढेच त्यांचे चालते.

आता ही पकड रबराच्या गुणावर अवलंबून असते. १८३९ साली चार्ल्स गुडइयर याला गंधकाच्या साहाय्याने रबर पक्के करण्याची युक्ती सापडली. १८८८ साली बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप याने हवेचा टायर सिद्ध केला. त्याआधी १८४५ साली रॉबर्ट थॉमसन याने तशाच कल्पनेचे पेटंट घेतले होते, पण ती मागे पडली होती. पुढे रबरात काजळी मिसळून ते टिकाऊ करण्यात आले, आणि १९९० नंतरच्या काळात सिलिका मिसळून ओल्या रस्त्यावरील त्याची पकड सुधारण्यात आली. परंतु रबराचा मूळ स्वभाव काही बदलला नाही. थंडीत ते कडक होते आणि उष्णतेत मऊ पडते. कडक झालेले रबर रस्त्याच्या बारीक खडबडीतपणात शिरू शकत नाही, म्हणून घसरते. फार मऊ रबर तापलेल्या रस्त्यावर लवकर झिजते आणि वळणावर लवचीकपणामुळे डगमगते.

म्हणूनच बर्फाच्या देशांत उन्हाळी आणि हिवाळी असे दोन वेगळे टायर झाले. तापमान सुमारे सात अंश सेल्सियसच्या खाली उतरू लागले की उन्हाळी टायर काढून हिवाळी चढवावेत, असा तिकडचा ढोबळ नियम आहे. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते, आणि त्याच्या नक्षीत असंख्य बारीक चिरा असतात. त्या चिरांच्या कडा बर्फात रुततात. वर्षातून दोनदा टायर बदलण्याचा खटाटोप नको, म्हणून दोहोंचा मध्य साधणारा जो टायर निघाला, तो ‘ऑल सीझन’, म्हणजे बारमाही टायर. मध्य साधणाऱ्याला दोन्ही टोके गाठता येत नाहीत, हे येथेही खरे आहे. उन्हाळ्यात तो उन्हाळी टायरइतका चपळ नसतो, आणि दाट बर्फात हिवाळी टायरइतका भरवशाचा नसतो. ‘एम अधिक एस’ ही चिखल आणि बर्फाची खूण कारखानदार स्वतःच्या जबाबदारीवर उमटवितो. तीन शिखरे आणि त्यांत हिमकण ही खूण मात्र बर्फावरील परीक्षा उतरल्यावरच मिळते. जर्मनीत हिवाळी परिस्थितीत गाडी चालविताना १ ऑक्टोबर २०२४ पासून ही दुसरी खूणच ग्राह्य धरली जाते. तिकडे नोकरीस गेलेल्या आपल्या मुलाबाळांनी हे अवश्य ध्यानात ठेवावे.

पण तिकडून परतलेला एखादा तरुण जेव्हा बंगळूरमध्ये वेगवान मोटार घेतो आणि सवयीने ‘ऑल सीझन’ टायरचा आग्रह धरतो, तेव्हा त्याला एक प्रश्न विचारावासा वाटतो: ऋतू कोणाचे? बंगळूर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून अधिक उंचीवर आहे. तेथील हवा थंड म्हणून प्रसिद्ध आहे. तरीही तेथे नोंदले गेलेले नीचांकी तापमान ७.८ अंश, आणि तेही १८८४ सालच्या जानेवारीतले. ज्या सात अंशांवर हिवाळी टायरचा विचार सुरू होतो, तेथपर्यंत बंगळूरचा पारा कधी उतरलेलाच नाही. बर्फासाठी बनविलेल्या रबराचे मोल द्यावयाचे आणि त्याचा उपयोग कधीच व्हावयाचा नाही, हा व्यवहार शहाणपणाचा नव्हे.

आपले ऋतू दोन गोष्टींनी ओळखावेत: ऊन आणि पाणी. बंगळूरला एप्रिल-मे महिन्यांत वळीव कोसळतो आणि सप्टेंबर हा तेथे सर्वांत अधिक पावसाचा महिना असतो. २०२२ च्या सप्टेंबरात शहराच्या बाह्य वळणमार्गाची काय अवस्था झाली, ते अनेकांना आठवत असेल. वळवाच्या पहिल्या सरीत विशेष धोका असतो. कित्येक दिवस रस्त्यावर साचलेले तेल, धूळ आणि रबराची पूड पाण्याबरोबर वर येते आणि रस्ता साबण लावल्यासारखा निसरडा होतो.

साचलेल्या पाण्याचा धोका त्याहून निराळा आहे. टायरच्या नक्षीतील चर हे शोभेसाठी नसून पाण्याचा निचरा करण्यासाठी असतात. वेग इतका वाढला की चरांतून पाणी बाहेर पडावयास सवडच मिळत नाही, तर टायरपुढे पाण्याची पाचर तयार होते आणि चाक रस्ता सोडून पाण्यावर तरंगू लागते. त्या क्षणी सुकाणू फिरविले तरी मोटार वळत नाही आणि ब्रेक दाबला तरी थांबत नाही. अमेरिकेच्या अंतराळ संस्थेतील शास्त्रज्ञांनी विमानांच्या चाकांवर प्रयोग करून १९६३ साली दाखवून दिले की, हा वेग मुख्यतः टायरमधील हवेच्या दाबावर अवलंबून असतो. मोटारीच्या टायरला त्यांचा नियम स्थूलमानानेच लागू पडतो. तरी नक्षी पुरी पडेनाशी झाली असता ३२ पौंड दाबाला हा वेग ताशी सुमारे ९४ किलोमीटर येतो, आणि हवा २४ पौंडांवर उतरली तर तो ८२ वर येतो. म्हणजे हवा तपासण्याचा आळस केला, तर धोका बारा किलोमीटर अगोदर येऊन उभा राहतो.

वेगवान मोटारीच्या धन्याने येथे आणखी एका मोहापासून सावध राहावे. रुंद टायर आणि मोठी चाके दिसावयास डौलदार असतात, आणि कोरड्या वळणावर त्यांची पकडही चांगली असते. परंतु रुंद टायरला अधिक पाणी बाजूला सारावे लागते, म्हणून तो पाण्यावर लवकर तरंगतो. त्याच्या बाजूची भिंत आखूड असल्यामुळे खड्ड्याचा आघात रबराऐवजी चाकाच्या कडेला बसतो. पावसाळ्यात पाण्याने भरलेले खड्डे दिसत नाहीत, हे वेगळे सांगावयास नकोच. यास्तव मोटारीच्या कारखान्याने ठरवून दिलेले माप सहसा बदलू नये.

हे माप टायरच्या भिंतीवर लिहिलेले असते. समजा, तेथे २०५/५५ आर १६ ९१ व्ही असे आहे. २०५ ही मिलिमीटरमधील रुंदी. ५५ म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या शेकडा ५५ इतकी. आर म्हणजे रेडियल बांधणी. तिचे पेटंट मिशेलिन कंपनीने १९४६ साली घेतले. १६ हा चाकाचा इंचांतील व्यास. ९१ या अंकाचा अर्थ, एका टायरने जास्तीत जास्त ६१५ किलो भार पेलावा. व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटर वेगापर्यंत तो टिकेल. अर्थात ही रबराची मर्यादा झाली, चालविणाराला मिळालेली परवानगी नव्हे. भार आणि वेग या दोन खुणा मूळ टायरपेक्षा कमी प्रतीच्या कधीही घेऊ नयेत. त्याच भिंतीवर चार अंकांची आणखी एक खूण असते. ३२२४ असे असल्यास तो टायर २०२४ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात तयार झाला असे समजावे. टायर वापरात नसला तरी रबर म्हातारे होतच असते. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावे, आणि दहा वर्षांनंतर नक्षी शिल्लक असली तरी तो बदलावा.

तेव्हा आपल्या देशातील बारमाही टायर कोणता? ज्याच्या नक्षीत पाणी वाहून नेणारे खोल, सलग चर आहेत, ज्याच्या ओल्या रस्त्यावरील पकडीची कारखानदाराने ग्वाही दिली आहे, आणि जो तापलेल्या सडकेवरही आपला घाट सोडीत नाही, तो. बर्फाच्या देशात ज्याला उन्हाळी टायर म्हणतात, त्याच जातीतला, ओल्या रस्त्यावर चांगला ठरणारा टायर बंगळूरच्या वेगवान मोटारीला बाराही महिने योग्य आहे. हिवाळ्यात हिमाचलात जाऊन अटल बोगद्यापलीकडचे बर्फ पाहण्याची हौस असेल, तर त्या थोड्या दिवसांसाठी चाकांना साखळ्या बांधाव्यात किंवा तेथील माहीतगार चालकाची गाडी करावी.

निवडीनंतरही काही कर्तव्य उरते. नव्या टायरची नक्षी साधारण आठ मिलिमीटर खोल असते. कायद्याने मोटारीला १.६ मिलिमीटरची मर्यादा घातली आहे, आणि तेवढ्या उंचीचे उंचवटे चरांच्या तळाशी मुद्दाम ठेवलेले असतात. परंतु ओल्या रस्त्यावरची पकड तीन मिलिमीटरच्या खालीच बरीच उणावते. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर तीनचा हिशोब धरावा. दोनच टायर नवे घ्यावयाचे असतील तर ते मागच्या चाकांना घालावेत. पुढचे चाक घसरले तर मोटार सरळ जाऊ पाहते, मागचे घसरले तर ती गरकन फिरते, आणि फिरलेली मोटार सावरणे सामान्य माणसाच्या हातचे नाही. हवा निघण्यापूर्वी, टायर थंड असताना तपासावी.

शेवटी पुन्हा थोडे गणित करू. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार ब्रेक लावल्यापासून कोरड्या रस्त्यावर सुमारे ३१ मीटरांत थांबते. ओल्या रस्त्यावर, टायर चांगले असतील तर तिला सुमारे ५० मीटर लागतात. टायर गुळगुळीत झाले असतील तर हेच अंतर ८० मीटरांच्या पुढे जाते. शिवाय धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत जो एक सेकंद जातो, त्यातच २२ मीटर मागे पडलेले असतात. चांगल्या आणि झिजलेल्या टायरमधला हा तीस मीटरांचा फरक घाटातल्या एका वळणाएवढा असतो. त्या वळणाच्या पलीकडे गणपतीची मूर्ती डोक्यावर घेऊन एखादे कुटुंब भर पावसात रस्ता ओलांडीत असेल. टायर घेताना दुकानात आपण माप, कंपनी आणि किंमत यांचा विचार करतोच. त्या वळणाचाही करावा.