पुसलेली फाइल जाते कोठे?

हैदराबादेत कोठी भागातील इसामिया बाजारात मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. अशा कोणत्याही ग्रंथालयाची दाखल-नोंदवही पाहावी. पुस्तक जीर्ण झाले वा हरवले, म्हणून त्याची ओळ खरवडून काढण्याचा प्रघात नाही. शेऱ्याच्या रकान्यात 'बाद' असे लिहून तारीख घालतात. कपाटातून पुस्तक जाते. वहीत त्याची नोंद राहते.

संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारे आपल्या कामाच्या आवृत्त्या ज्या प्रणालींत जपतात, त्यांची रीतही हीच. सीव्हीएस या जुन्या प्रणालीत काढून टाकलेली फाइल 'ॲटिक' नावाच्या कप्प्यात जाऊन पडे. ॲटिक म्हणजे घराचा माळा; नाव मोठे समर्पक होते. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ साली रचलेल्या 'गिट'मध्ये असा माळा नाही. तेथे प्रत्येक नोंदीसरशी साऱ्या प्रकल्पाचे त्या क्षणीचे चित्र साठविले जाते. त्या साठ्यास 'रिपॉझिटरी' म्हणतात. मराठीत त्यास कोठीच म्हणावयास हरकत नसावी. फाइल काढणे म्हणजे पुढील चित्रात ती नसणे, एवढेच. मागील चित्रे अबाधित राहतात. म्हणूनच महिन्यापूर्वी काढलेली फाइल हवी झाल्यास ती कोणत्या नोंदीत गेली हे 'गिट लॉग' या आज्ञेने शोधावे, आणि त्याच्या आधीच्या नोंदीतून 'गिट रिस्टोअर'ने परत आणावी. जी फाइल गिटच्या हाती कधी सोपविलीच नव्हती, तिच्यापुढे मात्र गिटचा इलाज चालत नाही.

या टिकाऊपणाची दुसरी बाजू घातक आहे. एखादा नवखा मनुष्य पासवर्ड लिहिलेली फाइल अनवधानाने नोंदवितो, ध्यानी येताच काढून टाकतो आणि निर्धास्त होतो. पण मागील चित्रात ती तशीच असते, आणि कोठी सर्वांस खुली असेल तर कोणीही ती उघडून वाचू शकतो. 'गिटइग्नोर'च्या यादीत तिचे नाव घालूनही भागत नाही. ती यादी अद्याप न नोंदलेल्या फायलींपुरतीच असते. 'फिल्टर-रेपो'सारख्या साधनाने सारा इतिहास नव्याने लिहिता येतो खरा, परंतु ज्यांनी आधीच प्रत उतरवून घेतली, त्यांच्याकडील फाइल त्याने नाहीशी होत नाही. म्हणून प्रथम तो पासवर्डच बदलावा. इतिहासाची सफाई त्यानंतर, आणि तीही सहकाऱ्यांस कळवून करावी. नाहीतर कोणाच्या तरी जुन्या प्रतीतून तीच फाइल पुन्हा कोठीत येऊन बसते.