स्नायूंची निगा आणि फॉक्सो प्रथिन

वृद्धापकाळी हातापायांतील बळ ओसरते, उठताबसता आधार लागतो, पडण्याचे भय वाढते. स्नायूंचा हा ऱ्हास केवळ वापराअभावी होतो असे नाही. स्नायूपेशींतील जुनी, बिघडलेली प्रथिने वेळीच निकालात निघत नाहीत, हेही त्याचे एक कारण होय. या साफसफाईवर देखरेख ठेवणाऱ्या प्रथिनांपैकी एक म्हणजे ‘फॉक्सो’.

फॉक्सो स्वतः झाडलोट करीत नाही. पेशीकेंद्रात शिरून ते डीएनएवरील ठरावीक जागी बसते व तेथील जनुकांना कामास लावते. अन्न मुबलक असता इन्शुलिनच्या संदेशामुळे ते केंद्राबाहेर राहते; टंचाई होताच आत जाते. सुबत्तेत स्वस्थ बसणारा आणि दुष्काळात जागा होणारा हा कारभारी म्हणावयास हरकत नाही.

सिंथिया केन्यन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखविले की, जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या सूत्रकृमीत एका जनुकात बदल झाल्यास त्याचे आयुष्य दुपटीहून अधिक होते. मात्र त्यासाठी दुसरे एक जनुक शाबूत असावे लागते. हे दुसरे जनुक फॉक्सोच्याच कुळातील असल्याचे पुढे उघड झाले. २०१० मध्ये हार्वर्ड येथील फाबियो डेमोंटिस व नॉर्बर्ट पेरिमॉन यांनी फळमाशीच्या स्नायूंत फॉक्सोचे कार्य वाढविले. बिघडलेल्या प्रथिनांचे पुंजके उशिरा साचले, स्नायूंची शक्ती टिकली, आयुष्यही लांबले. नवल असे की, शरीराच्या इतर भागांतही पुंजके कमी झाले. या माशा अन्नही कमी खात व त्यांच्या शरीरात इन्शुलिन कमी स्रवत असे.

तथापि, माशीवरून माणसाविषयी निष्कर्ष काढण्याची घाई नको. २००४ मध्ये उंदरांवरील प्रयोगात फॉक्सो-३ अतिक्रियाशील केले असता स्नायूतंतू झपाट्याने रोडावले. जुन्याबरोबर चांगली प्रथिनेही मोडीत निघाली. उलट, २००९ मध्ये उंदरांच्या स्नायूंतील साफसफाईची एक प्रमुख यंत्रणा, स्वभक्षण, बंद पाडली, तेव्हाही स्नायू क्षीणच झाले, कारण निकामी भाग आत साचून राहिले. तेव्हा प्रश्न फॉक्सो किती वाढवावे एवढाच नसून, ते कोणत्या वेळी व किती काळ जागे असावे, हा आहे.

हवाईतील जपानी वंशाच्या पुरुषांच्या २००८ मधील पाहणीत फॉक्सो-३ जनुकाच्या एका प्रकाराचा दीर्घायुष्याशी संबंध आढळला. हा प्रकार जन्मतःच लाभतो. औषधाने तो मिळविता येत नाही.