कचेरीसाठी सायकल निवडताना

सायकलीने कामावर जाण्याचा संकल्प पुण्यासारख्या शहरात आजही पुष्कळ जण करतात, आणि त्यांतील बऱ्याच जणांचा तो संकल्प पहिल्या पावसाळ्यातच विरून जातो. त्याचे खापर आपण बहुधा माणसाच्या आळसावर फोडतो, परंतु माझ्या मते त्यातला मोठा हिस्सा चुकीच्या सायकलीचा असतो. दुकानात पाऊल टाकताच नजरेत भरतात त्या रुंद व जाड खाचांच्या टायरांच्या, पुढे-मागे स्प्रिंगा बसवलेल्या, डोंगरवाटांसाठी घडवल्यासारख्या दिसणाऱ्या सायकली, आणि इतका सरंजाम अल्प किमतीत मिळतो म्हटल्यावर महिन्याच्या पगाराचा हिशेब सांभाळणाऱ्या नोकरदाराला तोच सौदा किफायतशीर वाटणे स्वाभाविक आहे.

तथापि माफक किमतीच्या सायकलीला लावलेली स्प्रिंग ही पायांच्या श्रमावरची एक कायमची पट्टीच होय. पायडलावर जोर द्यावा तर त्यातला काही अंश स्प्रिंग दाबण्यात खर्ची पडतो, वजन वाढते ते वेगळे, आणि दोन-तीन वर्षांत ती गंजून आखडली की दुरुस्तीही सहसा होत नाही. जाड खाचांचा टायर चिखलात पकड घेण्यासाठी असतो. डांबरी रस्त्यावर तो गुरगुरत चालतो आणि गती खातो. शहरातील खड्डे व गतिरोधक यांसाठी ३५ ते ४५ मिलिमीटर रुंदीचा, साध्या नक्षीचा आणि पुरेशी हवा भरलेला टायर व त्यास जोडून ताठ फोर्क एवढी व्यवस्था पुरते.

ज्या काळ्या सायकलींमुळे पुण्याची ख्याती सायकलींचे शहर अशी झाली, त्यांच्याकडे या दृष्टीने पुन्हा एकवार पाहण्यासारखे आहे. मद्रासेतील टी. आय. कंपनी १९४९ साली आणि लुधियान्याची हीरो १९५६ साली निघाली. पुढे कित्येक वर्षे कारकून, मास्तर, गवळी आणि पोस्टमन यांच्या हाती जी सायकल गेली, तिला पूर्ण लांबीचे मडगार्ड, चेनकव्हर, कॅरिअर, भक्कम स्टँड आणि घंटी हे सर्व मुळातच असे. आज यांतील पुष्कळशा वस्तू निराळ्या विकत घ्याव्या लागतात, आणि घेणाऱ्याला त्यांची आठवण होते ती पाठीवर चिखलाची रेघ उमटल्यावर किंवा विजारीचा पायघोळ चेनमध्ये अडकल्यावर. म्हणून सायकलीची किंमत विचारताना या साऱ्या साहित्यासह, शिवाय कुलूप, पुढचा दिवा, मागचा लाल दिवा आणि हेल्मेट धरून विचारावी. पाठीवरची पिशवी कॅरिअरवर बांधता आली, तर कचेरीत पोहोचेपर्यंत सदरा घामाने भिजत नाही, हाही लाभ लहान नव्हे.

सर्वाधिक सावधगिरी ब्रेकच्या बाबतीत हवी. जुन्या सायकलीची चकचकीत पोलादी रिम पाण्याने भिजली की रबराची पकड इतकी क्षीण होते की सायकल अपेक्षेहून पुष्कळच पुढे जाऊन थांबते, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत रोज रस्त्यावर उतरणाऱ्याला हा धोका पत्करण्याचे काहीच कारण नाही. अॅल्युमिनियमची रिम आणि दोन बाजूंनी दाबणारे साधे व्ही-ब्रेक हे संयोजन ओल्या रस्त्यावर बरेच विश्वासार्ह ठरते, त्याचे रबर कोठेही मिळते आणि ते कोपऱ्यावरचा सायकलवालाही बदलून देऊ शकतो. स्वस्त सायकलीवरील डिस्क ब्रेक दिसायला आधुनिक असतात खरे, परंतु ते नीट जुळवणारा हात घराजवळ आहे याची खातरजमा करूनच घ्यावेत.

गिअरांचा निर्णय मात्र घर आणि कचेरी यांमधल्या जमिनीवर सोपवावा. पुढे ४४ दात्यांचे चक्र व मागे १८ दात्यांचे फ्रीव्हील असलेली जुन्या धाटणीची सायकल पायडलाच्या एका फेऱ्यात सुमारे साडेपाच मीटर जाते, म्हणजे मिनिटाला पन्नास फेऱ्यांच्या संथ लयीत ताशी सोळा किलोमीटरांचा वेग सहज मिळतो. मगरपट्टा-हडपसर यांसारख्या बऱ्याच अंशी सपाट भागात सात-आठ किलोमीटर जाणाऱ्याला बिनगिअरची सायकल पुरेशी आहे, आणि तिच्यात बिघडण्यासारखे थोडे असते. बावधनच्या रहिवाशाला मात्र चांदणी चौकाचा चढ रोज भेटतो, कोथरूडहून डेक्कनला आलेल्याला संध्याकाळी चढणीने परतावे लागते. अशांनी मागे सहा-सात गिअर असलेली सायकल घ्यावी. पुढे तीन चक्रे असलेल्या एकवीस गिअरांची जाहिरात होते, पण त्यांतले बरेचसे एकमेकांची पुनरुक्ती असतात.

या साऱ्याहून महत्त्वाची, आणि दुकानात सर्वांत कमी विचारली जाणारी, बाब म्हणजे माप. हल्ली २६, २७.५, २९ असे जे आकडे सांगतात ते चाकाचे; पूर्वी बावीस इंची किंवा चोवीस इंची म्हणत ते फ्रेमचे. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून सायकलवर उभे राहिल्यावर आडवी नळी आणि शरीर यांत दोन-तीन बोटांचे अंतर राहावे. टाच पायडलावर ठेवून ते अगदी खाली नेले असता पाय सरळ व्हावा, म्हणजे चवड्याने चालवताना गुडघ्यात किंचित वाक राहतो. आडवी नळी नसलेली, ज्या फ्रेमला आपण लेडीज म्हणतो, ती वृद्ध पुरुषांनीही निःसंकोच वापरावी, कारण वाहतुकीत चटकन उतरता येणे ही फार मोलाची सोय आहे.

खर्चाचा अंदाज द्यायचा तर साधी बिनगिअरची सायकल आजमितीस साधारण पाच ते आठ हजारांत, आणि ताठ फोर्कची, हलकी, गिअरची सायकल बारा ते वीस हजारांत येते. सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आल्याने थोडा दिलासा मिळाला आहे. ज्याला एवढेही जड जाते त्याने उत्तम बनावटीची वापरलेली सायकल शोधावी, मात्र मूळ पावती आणि फ्रेमवरचा क्रमांक ताडून पाहावा. हँडलखाली नळ्या जुळतात तिथे रंगाला सुरकुती किंवा भेग दिसली, तर ती सायकल कितीही स्वस्त असो, घेऊ नये. चाक उचलून फिरवावे, त्याचा आऊट पाहावा, ते आडवे हलवून छर्ऱ्यांत खेळ आहे का हे तपासावे. नव्या सायकलीचेही पहिल्या महिन्यात स्पोक सैलावतात व ब्रेकच्या तारा ताणतात. तेव्हा ती ज्या दुकानी घेतली तेथेच महिनाभराने आऊट काढून, तारा ओढून आणि सर्व नट पान्ह्याने आवळून देण्याचा करार व्यवहाराच्या वेळीच पावतीवर लिहून घ्यावा.