पातळ तळ, लांब वाट

धावता रस्ता : लेखांक 6

कोजागरी जवळ आली की आमच्याकडचे रस्ते माणसांनी भरून जातात. तुळजापूरला पायी निघालेल्या या माणसांत अनवाणी चालणारे पुष्कळ असतात. येडशीहून धाराशिवमार्गे तुळजापूर चाळीस किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे 42.195 किलोमीटरच्या मॅरेथॉनहून थोडंच कमी. हायवेच्या कडेला भरतीचा सराव करणारी आमची पोरं हे दरवर्षी बघतात आणि विचारतात, "आईच्या दर्शनाला निघालेली आजी बिनचपलेची चाळीस किलोमीटर जाते, मग आम्हाला एवढा जाड सोल कशाला?"

प्रश्न रास्त आहे. मागच्या लेखांकात पाऊल कसं टेकतं ते पाहिलं. आज त्या पावलाखालचा बूट पाहू, तोही लांब पल्ल्यासाठी वापरायचा पातळ तळाचा बूट, ज्याला दुकानात 'मिनिमलिस्ट' किंवा 'बेअरफूट शूज' म्हणतात.

पातळ तळावर लांब पळता येतं, याबद्दल शंका नको. 1960 च्या रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने अनवाणी जिंकली. वेळ होती 2 तास 15 मिनिटं 16 सेकंद. चार वर्षांनी टोकियोत तो पुन्हा जिंकला, तेव्हा मात्र त्याच्या पायात बूट होते. आपल्या मिलिंद सोमणने 2016 मध्ये अहमदाबाद ते मुंबई हे 527 किलोमीटर अनवाणी कापले. मेक्सिकोतले ताराहुमारा लोक डोंगरवाटांवर जुन्या टायरच्या तळाची, दोरीने बांधलेली वहाण घालून पळतात. 2009 मध्ये आलेल्या 'बॉर्न टू रन' या पुस्तकाने ती वहाण जगभर पोचवली. आपल्या आठवडी बाजारातली टायरची चप्पल तिचीच बहीण. टाच आणि चवडा एका पातळीत, बोटं मोकळी, तळ सपाट.

मग या बुटांनी नेमकं काय बदलतं? 2010 मध्ये डॅनियल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये दाखवलं की अनवाणी पळायची सवय असलेले लोक बहुधा चवड्यावर किंवा पावलाच्या मधल्या भागावर उतरतात. त्यामुळे टाच आपटल्यावर बसणारा पहिला तीव्र हादरा त्यांना जवळजवळ बसत नाही. इथेच अनेकांची फसगत होते. हादरा कमी झाला म्हणजे भार संपला, असं ते धरून चालतात. भार कुठेही जात नाही, फक्त जागा बदलतो. गुडघ्यावरून उतरतो आणि पोटरीवर, टाचेमागच्या शिरेवर, पावलाच्या लांब हाडांवर येऊन बसतो. या जागा भाराला सरावलेल्या नसतील तर तिथे दुखणं ठरलेलं.

2013 मधल्या एका अभ्यासात 36 अनुभवी धावपटू घेतले होते. त्यांतल्या 19 जणांना दहा आठवड्यांत हळूहळू पाच बोटांच्या पातळ बुटांवर आणलं. शेवटी एमआरआय काढला तेव्हा त्यांच्यापैकी 10 जणांच्या पावलाच्या हाडांत सूज वाढलेली दिसली. ही माणसं नवखी नव्हती. दहा आठवडेसुद्धा त्यांच्या हाडांना अपुरे पडले.

मी स्वतः ही घाई केली आहे. बूट नवे, हवा पहाटेची, पाय हलके वाटत होते. पहिल्याच आठवड्यात बारा किलोमीटर पळालो. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याला धरावं लागलं आणि पोटऱ्या सैल व्हायला बरेच दिवस गेले. त्या दिवसांत बुटाकडे नीट पाहायला शिकलो.

बूट किती 'मिनिमल' आहे हे जाहिरातीवरून ठरवू नका. 2015 मध्ये तज्ज्ञांनी एकमताने पाच कसोट्या ठरवल्या. पहिली, वजन : 125 ग्रॅमच्या आतला बूट पूर्ण गुणांचा. दुसरी, तळाची जाडी : 8 मिलिमीटरच्या आत पूर्ण गुण, 32 किंवा त्याहून जाड असेल तर शून्य. तिसरी, ड्रॉप, म्हणजे टाच चवड्यापेक्षा किती उंच आहे ते : 1 मिलिमीटरहून कमी असेल तर पूर्ण गुण, 13 किंवा जास्त असेल तर शून्य. चौथी, लवचीकपणा : बूट हातात दुमडतो का, पिळला जातो का. पाचवी, पाऊल वळू नये म्हणून कमानीखाली किंवा टाचेभोवती घातलेले कडक आधार : जितके कमी तितके गुण जास्त.

या पाच गोष्टी वेगवेगळ्या असतात, हे लक्षात ठेवा. ड्रॉप शून्य पण तळ जाड आणि मऊ, असेही बूट मिळतात. नेहमीच्या 10 मिलिमीटर ड्रॉपवरून उतरणाऱ्याने आधी 4 ते 6 चा बूट घ्यावा. एकदम तळाशी उडी मारू नये.

पाच कसोट्यांच्याही आधी बोटांची जागा बघावी. संध्याकाळी पाय थोडा फुगलेला असतो, तेव्हा कागदावर उभं राहा आणि पेन्सिलीने पावलाची कड काढा. बुटातला आतला तळवा काढून त्या चित्रावर ठेवा. करंगळी किंवा अंगठ्याची रेघ बाहेर डोकावत असेल तर तो बूट कितीही नामांकित असला तरी सोडा. पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, कारण लांब पल्ल्यात पाय आणखी फुगतो.

आता आपला रस्ता. हायवेचं डांबर सपाट असलं तरी कडेला खडी आणि मुरूम आहे, आणि बाभळीचा जो काटा सायकलचं टायर पंक्चर करतो तो चार मिलिमीटरच्या रबराला जुमानत नाही. म्हणून इथे लांब पळायचं तर अगदी कागदासारखा तळ घेऊ नका. दहा-बारा मिलिमीटरचा, दाट रबराचा तळ बरा. रामलिंगाच्या घाटातला उतार शेवटी ठेवा, कारण उतारावर पोटरीला प्रत्येक पावलाला ब्रेक लावावा लागतो. मधुमेहामुळे ज्यांच्या तळव्याची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी पातळ तळाच्या वाटेला जाऊच नये. खडा टोचल्याचं त्यांना कळतच नाही.

सुरुवात अशी करा. पहिले तीन आठवडे नव्या बुटात फक्त चाला. एका पायावर उभं राहून टाच उचलायचा व्यायाम रोज करा. सलग पंचवीस वेळा जमेपर्यंत पळायची घाई नको. मग नेहमीचं पळणं जुन्या बुटात पूर्ण करून शेवटची पाच मिनिटं नव्या बुटात, आठवड्यातून दोनदाच. पावलं आखूड आणि भरभर पडू द्या. पावलाच्या वरच्या हाडावर बोट दाबल्यावर एकाच जागी दुखलं तर त्या दिवशीच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. रविवारची लांब धाव नव्या बुटात यायला सगळ्यात जास्त वेळ लागेल. भरती दोन महिन्यांवर असेल तर आत्ता बूट बदलूच नका.

पोरांच्या प्रश्नाचं उत्तर आजीच्या पावलातच आहे. तिची बोटं पंख्यासारखी पसरलेली आहेत, तळव्याची कातडी जाड आहे, कारण शेतात, अंगणात, बांधावर ती आयुष्यभर त्याच पायांनी वावरली. तुमचं पाऊल शाळेच्या काळ्या बुटात वाढलं. त्याला निदान एक हिवाळा आणि एक उन्हाळा द्या.

या आठवड्यात एवढंच करा : पावलाचं चित्र काढा आणि आत्ताचा बूट त्यावर ठेवून बघा. पुढच्या लेखांकात पोटरी आणि टाचेमागची शीर बळकट करण्याचे व्यायाम पाहू.