पाच लाखांवर सही करण्याआधी

पवनी–भंडारा रस्ता असो की निलज फाट्यावरून नागपूरकडे जाणारा, अपघातात घरचा कर्ता माणूस गेला की तेरवीपर्यंत त्या घरी माणसांची रीघ लागते. नातेवाईक येतात, गावचे जाणते येतात, कधी कधी कुणी न बोलावलेला ‘क्लेमचं काम करून देणारा’ही येऊन बसतो. प्रत्येकाजवळ सल्ला असतो. बरेचसे सल्ले आपुलकीनेच दिलेले असतात. पण त्यातले अनेक कायद्याच्या दृष्टीने साफ चुकीचे असतात आणि त्या चुकीची किंमत मागे राहिलेली बाई आणि तिची लेकरे पुढची कित्येक वर्षे मोजतात.

सगळ्यात जास्त ऐकू येणारे वाक्य असे: ‘गाडीमालक आपल्याच भागातला आहे, त्याला कशाला कोर्टात ओढायचं?’ यामागचा चांगुलपणा खरा आहे, पण समज चुकीचा आहे. रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक वाहनाला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे आणि तो नेमका अशाच प्रसंगासाठी असतो. दाव्यात मालकाचे आणि चालकाचे नाव असते, पण पॉलिसी चालू असेल तर पैसे सहसा विमा कंपनी भरते. चालकाकडे वैध परवाना नव्हता म्हणून कंपनी हात झटकू पाहते, तेव्हाही आधी कुटुंबाला पैसे द्या आणि मग मालकाकडून वसूल करा असा आदेश मोटार अपघात दावा न्यायाधिकरण देऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच हा मार्ग स्पष्ट केला आहे. विमा नसेल तर मात्र भार थेट मालकावर येतो. म्हणून वाहनाचा नंबर, पॉलिसीचा तपशील आणि परवान्याची प्रत या तीन गोष्टी पोलिसांच्या कागदांतून लवकर काढून घ्याव्यात.

याच चांगुलपणातून ‘राजीनामा’ होतो. पन्नास हजार, लाखभर रुपये हातात ठेवून स्टॅम्प पेपरवर ‘आमची काही तक्रार नाही’ असे लिहून घेतात. निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याचा गुन्हा, आताच्या भारतीय न्याय संहितेचे कलम १०६, आपसांत मिटवण्याजोगा नाही. त्यामुळे त्या कागदाने फौजदारी खटला संपत नाही. पण नुकसान व्हायचे ते होते: साक्षीदार सैल पडतात, फिर्याद उशिरा नोंदली जाते आणि पुढे कंपनीचा वकील तोच कागद काढून दाखवतो.

‘मेल्यावर सरकारी रक्कम पाच लाख, तेवढीच मिळते.’ हा गैरसमज मला सगळ्यात घातक वाटतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ मध्ये चूक कोणाची हे सिद्ध न करता मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख अशी ठरावीक रक्कम आहे. १ एप्रिल २०२२ पासून ती लागू झाली. पण तोच कायदा कलम १६६ खाली वेगळा दावा करू देतो. तिथे समोरच्याचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो आणि रकमेला वरची मर्यादा नसते. यातली मेख अशी की कलम १६४ ची रक्कम तडजोडीत स्वीकारली की कलम १६६ चा दावा संपतो. म्हणजे दुःखाच्या पहिल्या महिन्यात कोणी पाच लाखांच्या कागदावर सही घेतली, तर मोठ्या हक्काचे दार तिथेच बंद होऊ शकते. चूक स्वतःच्याच माणसाची असेल किंवा पुरावाच नसेल, तर पाच लाख घेणे शहाणपणाचे. समोरच्याची चूक दिसत असेल, तर आधी हिशेब मांडावा.

हिशेब अवघड नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या निकालांनी त्याची पद्धत ठरवून दिली आहे. समजा, पवनीकडचा एक गवंडी, वय ३५, महिन्याची कमाई १२ हजार, मागे बायको, दोन मुले आणि आई. वर्षाचे झाले १ लाख ४४ हजार. वय चाळिशीच्या आत आणि काम स्वतःच्या हिमतीवर, म्हणून पुढे वाढली असती त्या कमाईपोटी ४० टक्के जोडायचे: २ लाख १ हजार ६००. त्यातून स्वतःवर केला असता तो खर्च वजा करायचा. अवलंबून असलेली माणसे चार, म्हणून एक चतुर्थांश वजा. उरले १ लाख ५१ हजार २००. आता ३१ ते ३५ वयासाठीचा गुणक १६. गुणाकार केला की २४ लाख १९ हजार २०० रुपये होतात. यावर अंत्यविधीचा खर्च, मागे ठेवलेल्या मिळकतीचे नुकसान आणि पत्नी, मुले, आई यांनी गमावलेली साथ यांसाठीच्या रकमा येतात. २०१७ मध्ये त्या अनुक्रमे १५ हजार, १५ हजार आणि प्रत्येकी ४० हजार अशा ठरल्या आणि दर तीन वर्षांनी त्यात १० टक्के वाढ आहे. सगळे धरून हा दावा साडेसव्वीस लाखांच्या आसपास जातो. व्याज वेगळे, आणि ते सहसा अर्जाच्या तारखेपासून धरतात.

‘पण पगाराची पावती कुठे आहे?’ इथे पवनीतली निम्मी घरे हार मानतात. धानाची शेती, रोजंदारी, विणकाम, भाजीचा ठेला, यातल्या कोणत्या कामाला पावती असते? न्यायाधिकरणाला ती लागतेच असे नाही. पुरावा नसेल तर त्या काळचे किमान वेतन आणि त्या भागातली रोजी पाहून उत्पन्न धरले जाते. तरीही जे हाती आहे ते गोळा करावे. आधारभूत खरेदी केंद्रावर धान दिल्याची पावती, सातबारा, रोजगार हमीचे जॉब कार्ड, ठेकेदाराची हजेरी वही, बचत गटाच्या कर्जाचे हप्ते, बँकेचे पासबुक यातला प्रत्येक कागद माणूस कमावत होता हे सांगतो. ठेकेदाराला साक्षीला आणता आले तर त्याचे वजन आणखी मोठे. धानाची पावती आपण कोठीत कुठेतरी खुपसून ठेवतो. ती आधी शोधावी.

घरातली बाई गेली तर? ‘ती काही कमावत नव्हती’ हे वाक्य ऐकून मला दर वेळी राग येतो. पहाटेपासून रात्रीपर्यंत स्वयंपाक, जनावरे, रोवणी, म्हाताऱ्यांची सुश्रूषा यांतून ती जे घराला देत होती, त्याला पैशात मोल आहे. ५ जानेवारी २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या कामाचे काल्पनिक उत्पन्न धरून भरपाई द्यावी आणि त्यातही भविष्यातली वाढ जोडावी असे सांगितले. रोवणीला मजुरीने जात होती तर ती मजुरी वेगळी.

दुचाकीच्या अपघातात ‘हेल्मेट नव्हतं, ट्रिपल सीट होते, आता केस नाही’ असे पोलीस ठाण्याच्या आवारातच सांगितले जाते. हेल्मेट घालायलाच हवे, यात वाद नाही. पण ते नव्हते म्हणून ट्रकने मागून दिलेल्या धडकेचा दोष दुचाकीवर येत नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की तिघे बसले होते एवढ्यावरून त्यांची चूक धरता येणार नाही. त्या बसण्याचा अपघाताशी किंवा इजेशी संबंध दाखवावा लागेल. तो दाखवला गेला तरी रक्कम काही टक्क्यांनी घटते, दावा मरत नाही. आणि कोणी स्वतःच घसरून पडला असेल, समोर दुसरे वाहनच नसेल, तर गाडीच्या पॉलिसीत मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आहे का ते पाहावे. गाडी त्याच्याच नावावर आणि परवाना चालू असेल, तर तो मिळू शकतो. कित्येक घरांत ही पॉलिसी डिकीत पडून राहते आणि कुणी उघडूनही पाहत नाही.

एक गोष्ट मात्र लोक सोपी समजतात आणि ती सोपी नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसलेले वऱ्हाड किंवा मजूर. ट्रॅक्टरचा विमा शेतीकामासाठी असतो आणि ट्रॉली माणसांच्या वाहतुकीसाठी नसते. मालवाहू वाहनात फुकट बसवलेल्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००३ चा निकाल आहे. तेव्हा ट्रॉली उलटली तर बहुधा मालकावरच दावा उरतो, आणि त्याच्याकडे दोन एकर धानाची बांधी सोडून काही नसेल, तर हुकूमनामा हातात असूनही पैसे मिळत नाहीत. लग्नसराईत ट्रॉलीत लेकरांना बसवण्याआधी हे माहीत असलेले बरे.

‘गाडी मारून पळून गेली, आता कोणावर दावा?’ यालाही उत्तर आहे. वाहन सापडले नाही तर मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार मिळतात. त्यासाठी न्यायालयात जावे लागत नाही. उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे अर्ज जातो, मंजुरी जिल्हाधिकारी स्तरावर होते. महिनाभरात वाहन सापडले नाही, तर या योजनेची माहिती पोलिसांनी कुटुंबाला लेखी द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये बजावले आहे. पुढे वाहन सापडलेच, तर पूर्ण दाव्याचा मार्ग मोकळा राहतो.

आता मुदत. ‘दावा केव्हाही करता येतो’ हे जुन्या कायद्याच्या दिवसांत बऱ्याच अंशी खरे होते. १ एप्रिल २०२२ पासून कलम १६६ च्या दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये, उशिराच्या कारणावरून दावे फेटाळू नका, असा अंतरिम आदेश झाला. अंतरिम आदेश म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, त्याच्या भरवशावर कुणी बसू नये. तेरवी, वर्षश्राद्धाची तयारी, मग धान कापणी, असे करता करता सहा महिने कसे जातात ते घरच्यांनाही कळत नाही.

दाव्याचा कणा म्हणजे घटनास्थळ पंचनामा. रस्त्याची रुंदी किती, धडकेची जागा कडेपासून किती फुटांवर, ब्रेकच्या खुणा कोणत्या बाजूला, काच कुठे पडली, हे त्यात लिहिलेले असते आणि चूक कोणाची हे त्यातूनच ठरते. कुटुंबातल्या एखाद्या शहाण्या माणसाने पहिल्याच आठवड्यात तो वाचावा, आणि नकाशा चुकीचा वाटला तर लेखी हरकत घ्यावी. पोलिसांनी ४८ तासांत अपघाताचा पहिला अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो. तो गेला की नाही हे विचारण्याचा कुटुंबाला हक्क आहे. चालक फौजदारी खटल्यात सुटला म्हणून भरपाईही गेली, असे होत नाही. तिथे संशयाला जागा राहिली की आरोपी सुटतो; इथे कोणती बाजू अधिक संभवनीय एवढेच पाहतात.

कामासाठी पुण्याला किंवा हैदराबादला गेलेला मुलगा तिकडे दगावला, तर तिथेच हेलपाटे घालावे लागतील असे समजून कित्येक आईबाप दावाच करत नाहीत. कायदा राहत्या ठिकाणाच्या न्यायाधिकरणात दावा करू देतो. पवनीच्या कुटुंबाला भंडाऱ्याच्या जिल्हा न्यायालयात जाता येते.

वकिलाच्या ‘टक्क्या’बद्दलही बोलले पाहिजे. मिळालेल्या रकमेच्या हिश्शावर फी ठरवणे वकिलांच्या व्यावसायिक नियमांना धरून नाही. महिलांना, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना आणि मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. महिलेला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी सुरुवात होते. लोकअदालतीत तडजोड करायला हरकत नाही, प्रकरण लवकर निकाली निघते. पण तिथल्या निवाड्यावर अपील नसते, म्हणून वर मांडला तसा हिशेब खिशात ठेवूनच तिथे बसावे.

‘सरकारने मदत दिली, एलआयसीचेही मिळाले, आता दुसरं काही मागता येत नाही.’ हेही खरे नाही. आयुर्विम्याची रक्कम अपघात भरपाईतून कापायची नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये महाराष्ट्राच्याच एसटी महामंडळाविरुद्धच्या प्रकरणात ठरवले. ९ जानेवारी २०२१ ला भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षातल्या आगीत दहा बाळे गेली, तेव्हा राज्य सरकारने प्रत्येकी पाच लाख जाहीर केले. अशी मदत म्हणजे सानुग्रह. जबाबदार कोण आणि त्याने किती द्यायचे, हा प्रश्न तिने सुटत नाही. शेतकरी कुटुंबासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यूनंतर दोन लाख आहेत. रस्ता अपघातच नव्हे, सर्पदंश, वीज पडणे, पाण्यात बुडणे हेही त्यात येते. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे, तोही लवकर.

उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य दाराशी असल्याने वाघाचा विषयही इथे येतोच. हा मोटार दावा नाही, वेगळी वाट आहे. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास राज्य सरकार २०२३ पासून २५ लाख देते. इथे कोणाचा निष्काळजीपणा सिद्ध करायचा नसतो, मात्र वनविभागाचा पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल लागतो. म्हणून मोहफुले वेचायला गेलेल्याचे प्रेत घाईने उचलून घरी आणू नये. पूर्ण रक्कम रोखीने मिळेल असे समजून कुणी कर्ज काढू नये; त्यातला मोठा भाग वारसांच्या नावे मुदत ठेवीत जातो.

मोटार दाव्यातही तसेच. अज्ञान मुलांचा वाटा ती सज्ञान होईपर्यंत बँकेत राहतो, बायकोच्या वाट्यातलाही काही भाग ठेवीत ठेवला जातो. घरात लग्न, आजारपण किंवा शिक्षणाची फी आली तर न्यायाधिकरणाकडे अर्ज करून तो काढता येतो. आणि तिने पुन्हा लग्न केले, तरी तिचा हक्क जात नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हे स्पष्ट सांगितले आहे. सासरच्यांनी ‘तू आता आमची नाहीस’ म्हणून तिच्याकडून हक्कसोड लिहून मागितली, तर तिने सही करू नये.