एक घर, चार पत्ते

शाळेच्या फॉर्मवर 'कायमचा पत्ता' आणि 'सध्याचा पत्ता' असे दोन रकाने असतात. आपल्यापैकी पुष्कळांना ते पुरत नाहीत. वडील युनिटमध्ये, आई आणि लहान भावंडे दुसऱ्या शहरातील फॅमिली क्वार्टरमध्ये, आजी-आजोबा गावी आणि आपण डॉर्मिटरीत. घर एक, पत्ते चार. फौजी कुटुंबाला याची सवय असते. तरीही २०२० साली कोरोनाचे निर्बंध आले, तेव्हा दुराव्याची सवय असलेली आपली घरेसुद्धा हादरली. असे का झाले? नेहमीच्या दुराव्यात आणि त्या दुराव्यात फरक काय होता? तो समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे.

निर्बंध कशासाठी होते?

आधी निर्बंधांमागचे कारण पाहू. कोरोनाचा विषाणू शरीरात शिरल्यावर लक्षणे दिसायला १४ दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो. काही जणांना तर लक्षणे दिसतच नाहीत, पण त्यांच्यापासून दुसऱ्याला संसर्ग होतो. म्हणजे समोर उभा असलेला माणूस निरोगी आहे की नाही, हे नुसते पाहून सांगता येत नाही. अशा वेळी हातात दोनच उपाय राहतात. माणसांची ये-जा थांबवणे आणि बाहेरून आलेल्याला काही दिवस वेगळे ठेवणे. दुसऱ्या उपायाला आपण विलगीकरण किंवा क्वारंटाईन म्हणतो. हा शब्द इटलीतून आला आहे. प्लेगच्या काळात व्हेनिसच्या बंदरात आलेल्या जहाजांना ४० दिवस बाहेर थांबवत, आणि तिथल्या भाषेतील ४० या आकड्यावरून हे नाव पडले.

भारतात रेल्वेने २२ मार्च २०२० पासून प्रवासी गाड्या थांबवल्या. २५ मार्चपासून २१ दिवसांची टाळेबंदी सुरू झाली आणि देशांतर्गत विमानेही बंद झाली. पुढे टाळेबंदी तीन वेळा वाढून ३१ मेपर्यंत गेली. ६५ वर्षांवरील व्यक्ती, मधुमेह किंवा हृदयविकारासारखी व्याधी असलेले रुग्ण, गरोदर स्त्रिया आणि १० वर्षांखालील मुले यांनी घरातच राहावे, असे सरकारने सांगितले. वय आणि जुनी व्याधी यांमुळे आजार गंभीर होण्याची शक्यता वाढते, हे त्यामागचे कारण होते.

हे नियम योग्यच होते. पण नियम जिल्हा आणि वय पाहून केलेले असतात. कुटुंब मात्र अनेक जिल्ह्यांत आणि सगळ्या वयांत पसरलेले असते.

दोन भिंती एकत्र आल्या की

निर्बंधांमुळे दोन भिंती उभ्या राहिल्या. एक अंतराची आणि दुसरी धोक्याची.

यांपैकी एकच भिंत असेल तर वाट निघते. आजोबांना दमा आहे, पण मुलगा शेजारच्या गल्लीत राहतो. तो दाराबाहेर भाजीची पिशवी ठेवून जाईल. किंवा भाऊ दूर चेन्नईला अडकला आहे, पण तरुण आणि धडधाकट आहे. त्याची काळजी वाटेल, पण तो स्वतःचे निभावून नेईल. खरी कोंडी होते ती दोन्ही भिंती एकाच माणसाभोवती असल्या तर. म्हातारे, आजारी आणि दूर राहणारे आई-वडील. त्यांना कुणी तरी जवळ येऊन बसण्याची सर्वांत जास्त गरज असते आणि कुणी जवळ येण्याचा सर्वांत जास्त धोकाही त्यांनाच असतो. ज्या मुलाने धावत जायचे, तोच मुलगा रेल्वे स्टेशन, बसस्टँड आणि ट्रान्झिट कॅम्प पार करून विषाणू घेऊन येऊ शकतो.

आमच्या घरी हेच झाले. माझे आजी-आजोबा सातारा जिल्ह्यातील एका वस्तीवर राहतात. आजोबा माजी सैनिक आहेत, त्यांना रक्तदाबाचा त्रास आहे. आजीला मधुमेह आहे. आई, बहीण आणि शाळेतून घरी पाठवलेला मी असे तिघे पुण्यात होतो. महाराष्ट्रातले कोरोनाचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यातच आढळले होते, त्यामुळे पुण्याहून आलेला माणूस म्हणजे संकट असे गावोगावी झाले होते. किती तरी गावांनी वेशीवर काट्या टाकून रस्ते अडवले. जिल्हाबंदी होती, दुसऱ्या जिल्ह्यात जायला ई-पास लागे आणि गावात पोचल्यावर १४ दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत राहावे लागे. एरवी साडेतीन तासांवर असलेले गाव आमच्यासाठी पंधरा दिवसांवर गेले.

तारीख हरवली

फौजी घरात दुरावा सहन होतो, कारण त्याला तारीख असते. जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक रजा मिळते. रजा मंजूर झाली की आई कालनिर्णयवर त्या तारखेभोवती गोल काढते आणि मग घरात दिवस मोजणे सुरू होते. माझी बहीण पहिलीत असताना कॅलेंडर वाचायला त्यामुळेच शिकली. दिवस १०० असोत की १५०, ते कमी होत जातात. डॉर्मिटरीत आपणही सुट्टीचे दिवस असेच मोजतो.

टाळेबंदीने अंतर वाढवले नाही. सीमा होती तिथेच होती, पुणे होते तिथेच होते. तिने तारीख काढून घेतली. आधी १४ एप्रिल सांगितली, मग ३ मे, मग १७ मे, मग ३१ मे. वडिलांची मे महिन्यातील रजा पुढे गेली. किती पुढे, ते त्यांनाही ठाऊक नव्हते. मोजता येणारा दुरावा आणि न मोजता येणारा दुरावा यांत फार फरक असतो. पहिल्यात आपण वाट पाहतो. दुसऱ्यात नुसती काळजी करतो.

सैन्याने रजेबाबत कडक राहणे आवश्यकच होते. मार्च २०२० मध्ये भारतीय सैन्यातील पहिला कोरोना रुग्ण लेहमध्ये आढळला. तो लडाख स्काउट्सचा जवान होता. त्याचे वडील इराणच्या तीर्थयात्रेहून परतले होते आणि त्याच सुमारास तो रजेवर घरी होता. एका रजेतून संसर्ग युनिटपर्यंत कसा पोचतो, ते यातून दिसते. बराकीत, मेसमध्ये आणि चौकीवर माणसे जवळजवळ राहतात. एक जण आजारी पडला तर पूर्ण तुकडी अडचणीत येते. एप्रिलच्या १७ आणि १८ तारखेला बंगळुरूहून जम्मू आणि गुवाहाटीकडे जवानांसाठी खास रेल्वेगाड्या सुटल्या. बेळगाव, बंगळुरू, सिकंदराबाद अशा ठिकाणी प्रशिक्षण संपलेले जवान त्यांतून गेले. देशभर प्रवासी गाड्या उभ्या असताना या दोन गाड्या धावल्या आणि त्या घराकडे नव्हे, ड्यूटीकडे गेल्या.

मग १५ जूनला गलवान खोऱ्यात आपले २० जवान शहीद झाले. ज्यांचे वडील उत्तर सीमेवर होते, त्या प्रत्येक घराला तो आठवडा आठवत असेल. एरवी अशी बातमी आली की शेजारपाजारचे, भाऊबंद, जुने फौजी घरी येऊन बसतात. 'काय कळलं का?' एवढे विचारतात, चहा घेतात, जातात. त्या वेळी आजी-आजोबा टीव्हीसमोर दोघेच होते. वडिलांचा फोन तीन दिवसांनी आला.

हे केवळ फौजी घरांचे नाही

आपल्या डॉर्मिटरीत बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेशातील मित्र आहेत. त्यांच्या गावांतून कामासाठी मुंबई-पुण्यात आलेल्या मजुरांची घरेही दोन पत्त्यांवर असतात. काम बंद, मजुरी बंद आणि गाडी बंद. म्हणून लाखो माणसे चालत निघाली. १ मे २०२० पासून श्रमिक स्पेशल गाड्या सुरू झाल्या, पण त्या सर्वांपर्यंत वेळेत पोचल्या नाहीत. ८ मे रोजी पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या मजुरांवरून मालगाडी गेली आणि १६ जणांचा मृत्यू झाला. ते जालन्याहून भुसावळकडे चालले होते, तिथून मध्य प्रदेशातील आपल्या घरी जायला गाडी मिळेल या आशेने.

कोकणातील मित्रांचे घर मुंबई आणि गाव यांत वाटलेले असते. २०२० मध्ये गणेश चतुर्थी २२ ऑगस्टला होती. चाकरमान्यांना गावी १० दिवस विलगीकरणात राहायचे होते, म्हणून १२ ऑगस्टच्या आत पोचणे आवश्यक झाले. ज्यांना एवढी सुट्टी नव्हती, त्यांनी गावची आरती मोबाईलवर पाहिली. अंत्यविधीला २० माणसांची मर्यादा होती. घरातले माणूस गेले आणि मुलगा दुसऱ्या राज्यात असला तर त्याला शेवटचे दर्शनही मोबाईलवरच घ्यावे लागले. सण पुढच्या वर्षी पुन्हा येतो, हे मात्र परत येत नाही.

विश्वास नसेल तर नियम चालत नाही

२०२० मध्ये जो साथरोग कायदा लागू केला गेला, तो १८९७ सालचा आहे. मुंबई-पुण्यातील प्लेगमुळे तो झाला. त्या वेळी पुण्यात गोरे सैनिक घरांत शिरून रुग्ण शोधत. रुग्णाला इस्पितळात आणि घरच्यांना वेगळ्या छावणीत नेत. लोक इतके घाबरले की रुग्ण लपवू लागले आणि साथ आणखी पसरली. त्याच साथीत सावित्रीबाई फुले स्वतः रुग्णांची सेवा करत होत्या. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. यातून एक गोष्ट कळते. माणसांना वेगळे ठेवायचे असेल तर त्यांची काळजी घेणारे कुणी तरी तिथे असावे लागते. ते नसेल तर नियम फक्त भीती निर्माण करतो.

फोनवर काय दिसत नाही

व्हिडिओ कॉलने आपल्याला खूप मदत केली, पण त्याची एक मर्यादा लक्षात ठेवावी. समोरचा माणूस जेवढे दाखवतो तेवढेच फोनवर दिसते. आजी रोज सांगायची, "मी बरी हाय, माझी काळजी करू नगा." चेहरा हसरा असायचा. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू झाली. आशाताई घरोघर जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजत होत्या, जुन्या व्याधींची चौकशी करत होत्या. वस्तीवर आलेल्या आशाताईंना आजी लंगडताना दिसली. टाचेला जखम झाली होती. मधुमेहात पायाची संवेदना कमी होते आणि जखम लवकर भरत नाही, म्हणून अशी जखम फार धोक्याची असते. त्याच दिवशी औषधोपचार सुरू झाले. दिवाळीपर्यंत जखम भरली. आम्ही तिला रोज पाहत होतो, पण फोनमध्ये पाय कधी आलाच नव्हता.

ऑक्टोबरमध्ये वडिलांना ३० दिवसांची रजा मिळाली. त्यांतले ४ दिवस प्रवासात गेले. १४ दिवस ते मळ्यातील खोलीत एकटे राहिले. आजी रोज संध्याकाळी बांधावर बसून दहा पावलांवरून त्यांच्याशी बोलायची. एकत्र बसून जेवायला १२ दिवस उरले. गणित सोपे आहे, पण त्या १४ दिवसांमुळेच ते १२ दिवस निर्धास्त गेले. परत गेल्यावर युनिटमध्ये पुन्हा विलगीकरण होतेच.

आपण काय करू शकतो?

लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले, १ मार्चपासून ६० वर्षांवरील सर्वांना लस मिळू लागली आणि आम्हा १५ ते १८ वयाच्या मुलांची पाळी ३ जानेवारी २०२२ पासून आली. धोक्याची भिंत लसीने पुष्कळ खाली आली. अंतराची भिंत मात्र आपल्या घरांना नेहमीच राहणार. साथ असो, पूर असो की सीमेवरची परिस्थिती, रस्ते पुन्हा बंद होऊ शकतात. त्यासाठी चार गोष्टी आधीच करून ठेवता येतील.

१. घरातील वृद्धांच्या औषधांची नावे, मात्रा आणि डॉक्टरांचा नंबर एका कागदावर लिहून प्रत्येक पत्त्यावर ठेवावा. महिनाभर पुरेल एवढे औषध घरात असावे.

२. गावातील एक विश्वासाचा माणूस ठरवावा, जो चालत दारापर्यंत जाऊ शकेल. शेजारच्या काकू, आशाताई किंवा एखादे माजी सैनिक आजोबा. त्यांचा नंबर आपल्याकडे आणि आपला त्यांच्याकडे असावा.

३. तारीख द्यावी. रजेची तारीख आपल्या हातात नसते, पण 'दर बुधवारी आणि रविवारी सात वाजता फोन' ही असते. ठरलेली वेळ पाळली की वाट पाहणाऱ्याला दिवस मोजता येतात.

४. 'कशी आहेस?' या प्रश्नाचे उत्तर नेहमी 'बरी आहे' असेच येते. म्हणून नेमके विचारावे. आज काय जेवलीस? गोळ्या किती उरल्या? शेवटची साखर कधी तपासली? पाय दाखव.

मित्रांनो, आपल्यापैकी बरेच जण उद्या गणवेश घालून घरापासून दूर जाणार आहोत. नकाशा वाचणे, दोरी बांधणे, जखमेवर पट्टी बांधणे हे आपण शिकतो. लांबून घर सांभाळणे हेही सैनिकाला यावे लागते. त्याचा सराव येत्या रविवारच्या फोनपासून सुरू करता येईल.

कॅडेट, इयत्ता दहावी