कर्करोग आणि घरची माणसे

कर्करोगावर उपचार करणे हे डॉक्टरांचे काम. परंतु कर्करोग झालेल्या माणसाबरोबर राहणे हे घराचे काम आहे, आणि ते माहितीवाचून नीट होत नाही. गेल्या वर्षी माझ्या आत्याच्या गालातली जखम कर्करोगाची निघाली. घरात कॉलेजपर्यंत पोहोचलेली मी पहिलीच. त्यामुळे दवाखान्याची फाईल आपोआप माझ्या हाती आली. त्या निमित्ताने जे समजले ते येथे मांडते.

वाडीत प्रथम कुजबुज झाली आणि आत्याचे ताट वेगळे झाले. वास्तविक हा रोग स्पर्शाने वा उष्ट्याने होत नाही. आपल्याच शरीरातील पेशी ताळतंत्र सोडून वाढू लागतात. तोंडाच्या कर्करोगाचे मोठे कारण तंबाखू. आत्या तर लहानपणापासून मिश्री लावीत असे. तोंडातली जखम वा चट्टा दोन-तीन आठवड्यांत बरा झाला नाही, तर डॉक्टरांना दाखवावे.

शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधे हे मुख्य उपचार. केमोथेरपीची औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींना मारतात. केसांची मुळे, तोंडाचे अस्तर व रक्त तयार करणारी अस्थिमज्जा येथील पेशीही तशाच वाढतात. म्हणून केस गळतात, तोंड येते, रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात. केस बहुधा पुन्हा येतात. परंतु या काळात ताप आला, तर काढा देऊन रात्र काढू नये. लगेच रुग्णालय गाठावे. म्हणजे रोग्यापासून आपल्याला भय नाही, आपल्या सर्दी-पडशापासून रोग्याला भय आहे!

खर्चाची धास्ती मोठी असते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार बसतात. उपचारासाठी रेल्वेने जाताना शयनयान वर्गात रोग्याला पूर्ण व सोबत्याला ७५ टक्के सवलत आहे; रुग्णालयाचे प्रमाणपत्र मात्र हवे.

“तिला काही सांगू नका,” असे वडीलधारे म्हणत. एके दिवशी आत्यानेच विचारले, “काय लिवलंय गं त्यात? मलाबी सांग की.” मी सारे मराठीतून वाचून दाखविले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हंजे अजून चार येळा जायचंय. पेरणीच्या आत हुईल का?” तेव्हापासून तारखा तीच लक्षात ठेवते.

उपचार अजून चालू आहेत; पुढचे कोणी सांगू शकत नाही. परंतु आपल्यापैकी अनेकांच्या घरी इंग्रजी कागद वाचणारे आपणच पहिले आहोत. तो कागद ज्याचा आहे, त्याला तो त्याच्या भाषेत वाचून दाखविणे, हीसुद्धा शुश्रूषाच होय.